चौथं जनरेटर

एप्रिलच्या शेवटी वर्ध्यात दुपारच्याले कुत्रंबी रस्ता ओलांडत नाई, सावलीत बसूनच भुंकते. अशा टायमाले विवेक थूल नालवाडीतल्या आपल्या घरी बनियनवर बसून अरबी समुद्रातलं एक जहाज सांभाळत होता. मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, समोर कूलर, अन् डोळे असे का जसं कोनी त्यात मिरच्या वाळत घातल्या.

मी त्याच्याकडे रोज दुपारी जाऊन बसायचो. प्लॉटच्या दलालीत उन्हाळ्याचं काही काम नसते. एवढ्या उनात जमीन पाहाले जो येते तो नुसता पाहालेच येते. मंग विवेकच्या कूलरसमोर लोळायचं, त्याच्या बायकोनं, माधवीवहिनीनं, करून ठेवलेलं पन्हं प्यायचं अन् त्याले काड्या करायच्या. आम्ही दोघं शाळेपासूनचे. तो अभ्यास करून जहाजावर गेला, मी टिवल्याबावल्या करून इथीच राह्यलो.

जहाज म्हनजे माल नेनारं नाई. क्रूझ. पान्यावरचं हॉटेल. मुंबईहून निघते, गोवा, लक्षद्वीप करते अन् परत येते. दोन हजार मानसं त्याच्यावर नुसते खातात, नाचतात अन् झोपतात. विवेकनं अशा जहाजाईच्या बुडाशी, इंजिनात, सारी जवानी घालवली. तिथी खिडकी नसते. तो म्हने, मी अर्धी दुनिया पाह्यली, पन खालून.

मागच्या वर्षी त्याची माय, अनुसयाबाई, विहारात वंदनेले गेलती, तिथीच बसल्या बसल्या कलंडली. उजवा हात, उजवा पाय गेला, जबान जड झाली. डॉक्टर म्हने, हप्त्यातून दोनदा व्यायामाले आना, हात परत येईन. पन आनायचं कोनी? माधवीवहिनी पवनारच्या शाळेत शिकवते, सकाळच्या बसनं जाते अन् भर उनात परत येते. विवेक समुद्रात. तवा त्यानं कंपनीले हात जोडले का मले जमिनीवरचं काम द्या.

कंपनीनं काम देलं, पन अट घालून. म्हने, आमचं जहाज डिझेल लय पिते. तू घरी बस, जहाजाचा सारा हिशेब तुह्या लॅपटॉपवर येत राहीन, तू ते पिनं कमी करून दाखव. एक सीझन पाहू. जमलं तं कायमचा घरी. नाई जमलं तं मे महिन्यात बॅग भरजो अन् पुन्हा बुडाशी जाजो.

मले आधी वाटे का डिझेल जहाज ढकलाले लागते. विवेकनं समजावलं का ढकलाले तं लागतेच, पन आतल्या मानसाईले थंड ठेवनं, त्याईच्या चादरी धुनं, वाळवनं, स्वयपाक, दिवे, याच्यात बी लय जाते. जहाजात चार मोठाले जनरेटर. सारी वीज त्याच्यावर. लॅपटॉपवर चार चौकोन दिसत, चालू असलं का हिरवं, बंद असलं का राखाडी. पहिले चारही हिरवे राहत अन् चारही अर्ध्या पोटी चालत. विवेक म्हने, अर्ध्या पोटी चालनारं जनरेटर म्हनजे एक सवारी घेऊन सेवाग्रामले निघालेला ऑटो. मानूस एक, डिझेल पूर्ण.

त्यानं तिनातच काम भागवून दाखवलं. पन कसं, ते मी पाह्यलं हाय. कॅप्टनले पटवलं का गोव्याहून थोडं आधी निघ अन् हळू चाल. त्या एका गोष्टीसाठी महिनाभर फोनवर इंग्रजीत भांडन, इकडे खाली बसून एका हातानं मायच्या पायाले तेल चोळून राह्यला. जहाजाच्या बुडाले समुद्रातले शिंपले चिकटतात, ते खरवडून घेतले. चादरी वाळवायच्या मशिनी दुपारी बंद ठेवायच्या म्हनलं तं धुलाईवाला रुसला. नाचाचा हॉल दिवसा रिकामा असते, त्याचा एसी कमी केला तं हॉटेलवाला मॅनेजर म्हने, तुम्ही कोन सांगनारे? विवेक साऱ्याईले सर, सर करे. फोन ठेवला का भिंतीले टेकून डोळे मिटे. मी म्हनो, झोप बे थोडा. तो म्हने, झोपलो तं कोनीतरी चौथं लावून देईन.

सीझनची शेवटची खेप आली तवा हिशेब एकदम काठावर होता. कंपनीनं साफ सांगतलं. या खेपेत चौथं नाई लागलं तं तू जिंकला. लागलं, तं गेलं.

अन् त्याच खेपेले आमची नालवाडी जहाजात बसली.

विहारातल्या रिटायर मंडळींचा ग्रुप हाय. त्याचे पुढारी हरिदासकाकाजी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मानूस लाख, फक्त समजावून सांगायची सवय. विवेकच्या ओळखीनं तिकीट सस्त्यात पडते हे ऐकल्यावर त्याईनं चाळीस मानसं जमवली. म्हने, आपल्या पोराचं जहाज पाहून घेऊ. बापाईनं दुसऱ्याच्या शेतात ढेकळं फोडले, पोरं साहेब झाले, आता साहेबाईले समुद्र पाहाचा होता. बरं वाटलं साऱ्याईले. विवेकलेबी वाटलं. मीच त्याईले माह्या ओम्नी गाडीत सहा फेऱ्या करून स्टेशनवर पोचवलं. जाता जाता ग्रुपमधल्या रूपरावभाऊले सांगतलं का जहाजावर चढताना वजन करतात, जास्त भरलं का जेवन कमी देतात. बिचाऱ्यानं स्टेशनवर पोह्याले हात लावला नाई.

गोवा सुटलं अन् दुपारी लॅपटॉपवरचा विजेच्या भाराचा आकडा चढाले लागला.

तीनही जनरेटर पोट भरून चालले होते. विवेक उठून बसला. त्यानं जहाजावरच्या चीफ इंजिनियरले फोन लावला, कुठी काय बिघडलं पाहा म्हने. त्यानं पाह्यलं, काही नाई. समुद्राचं पानी जास्त तापलं का पाह्यलं, तसंबी नाई. दुसऱ्या दुपारी आकडा अजून वर. एसी खाऊन राह्यला हे दिसत होतं, पन काऊन खाऊन राह्यला ते दिसत नव्हतं, अन् खाऊन राह्यला तो सातव्या मजल्यावर. विवेकनं जेवन केलं नाई. माधवीवहिनी शाळेतून आली, तोंडाचा दुपट्टा सोडला, त्याच्याकडे पाह्यलं, अन् काही न पुसता ताट झाकून ठेवलं.

तेवढ्यात विवेकच्या फोनवर कांताकाकूचा व्हिडिओ कॉल. हरिदासकाकाजीची बायको. तिले अनुसयाबाईले समुद्र दाखवायचा होता. विवेकनं फोन मायच्या पलंगाशी नेला. कांताकाकूचे केस असे उडून राह्यले होते का अर्धं तोंड दिसे ना. मागं पडदा फडफडत होता, बाल्कनीच्या कठड्यावर टॉवेल वाळत होता. फोन फिरला तं दुसऱ्या बाजूनं खोलीचं दार सताड उघडं, अन् बाहेर गल्लीत रूपरावभाऊ खुर्ची टाकून बसलेले, जसे काही घरच्या ओट्यावर.

विवेकनं हळूच इचारलं, "काकू, दारं उघडी काऊन हायत?"

"अरे, एसी लावला नं," काकू म्हने. "मंग?"

विवेक माह्याकडे पाहून राह्यला, मी कूलरकडे. आमच्या कूलरसमोरचं दार उघडंच होतं. इकडे साऱ्याईचंच असते. कूलर खिडकीत बसवायचा अन् समोरचं दार उघडं टाकायचं, नाई तं उमस होते, अंग चिकट होते. पाळण्यातलं पोरगंबी इथी हे शिकून निघते. चाळीस मानसाईनं त्या सातव्या मजल्यावर वीस खोल्या घेतल्या अन् वीसही खोल्यात दोन्हीकडचे दारं उघडून थंडी पाडाले सुरुवात केली. दार उघडलं का एसी आपोआप बंद व्हावा, अशी सोय नव्या जहाजात असते. हे जुनं. हे बिचारं सारा समुद्र थंड कराले लागलं.

विवेकनं काकूले फोन काकाजीकडे द्याले लावला. लय अदबीनं समजावलं का हा एसी हाय, कूलर नाई, दारं बंद ठेवा. काकाजीनं पुरं ऐकून घेतलं. मंग म्हने, "बाबू, तू इंजिनवाला, मी पान्यावाला. मले एवढं सांग, आत हवा येईन तं जाईन कुठून?"

विवेकनं सांगतलं कुठून जाते. काकाजी हो हो म्हने. मंग त्याईनंच सांगतलं का आमच्या मजल्यावर नाशिकचे, सुरतचे लोक हायत, सारे दारं बंद करून गुदमरून बसले होते, मी एकेकाच्या खोलीत जाऊन समजावलं, आता कसे मोकळे बसले. हे ऐकून विवेकनं डोळे मिटले. वीस खोल्याईनं काही एवढा फरक पडला नसता. काकाजीनं अख्खा मजला उघडवला होता.

दारं बंद करतो म्हनले, केले, थोड्या वेळानं आकडा पुन्हा वर. उमस झाली असन. विवेकनं कॅप्टनले सांगून भोंग्यावर सूचना द्याले लावली. आधी इंग्रजीत, मंग हिंदीत. नंतर समजलं का आमच्या मंडळींले ते संध्याकाळच्या नाचाचं आमंत्रन वाटलं. मॅनेजरले म्हनलं का मानूस पाठवून दारं लावा, तं तो म्हने, पैसे भरलेल्या पाहुन्याचं दार आम्ही लावत नसतो, इंटरनेटवर वाईट लिहून टाकतात.

तिसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा दुपारी गेलो. विवेक भिंतीले टेकून, लॅपटॉप मांडीवर. तीन हिरवे, एक राखाडी. आकडा अशा जागी का अजून थोडा चढला तं मशीन स्वतःच चौथं लावून देते, कोनाले पुसत नाई. अनुसयाबाई आत पलंगावर रबराचा गोळा दाबून राह्यली होती. दाबे, सोडे, दाबे. माधवीवहिनी दारात बसून वांगे चिरत होती.

"ऊन उतरेपर्यंत निभलं पायजे," विवेक म्हने. "मंग लोक जेवाले जातात, भार कमी होते. आजची दुपार निभली का झालं."

त्याचा आवाज असा झाला होता का मले बसवे ना. मी फोन घेऊन बाहेर आलो. कडुनिंबाखाली उभा राह्यलो अन् हरिदासकाकाजीले लावला. मले एवढं माहीत होतं का समजावून सांगितलेलं काकाजी ऐकत नाईत, पन भेवाडलेलं कोनीबी ऐकते. म्हनलं, काकाजी, जय भीम, एक खबर लागली म्हनून फोन केला. तुम्ही जिथी आले नं, तिथी उडते मासे असतात. खोटं नाई, विवेकले पुसा. दुपारच्या उनात पान्यातून उडी मारतात अन् बाल्कनीचं दार उघडं दिसलं का सरळ आत. पलंगाखाली जाऊन बसतात. मागच्या खेपेले एका बाईच्या पेटीत घुसले, सारे लुगडे गेले. दारं घट्ट लावून घ्या अन् साऱ्याईले सांगा.

काकाजीनं इचारलं, "केवढाले असतात?"

मी म्हनलं, हातभर.

"अन् किती येतात?"

मी म्हनलं, थवेच्या थवे.

काकाजी म्हने, बरं झालं सांगतलं बाबू, अन् गडबडीनं फोन ठेवला. मी आत आलो, कूलरसमोर आडवा झालो अन् विवेकले म्हनलं का पाहत राह्य, आता कसा उतरते आकडा. त्यानं इचारलं काय केलं. मी म्हनलं, पाहत राह्य.

आकडा काही वेळ हालला नाई. मंग चढला. विवेक पुढे वाकला. अजून चढला. मी म्हनलं, दारं लावाले वेळ लागन, म्हातारे मानसं हायत. तेवढ्यात माधवीवहिनीच्या फोनवर विहाराच्या ग्रुपमध्ये फोटो आला. तिनं पाह्यला, वांग्याची विळी बाजूले सरकवली अन् फोन नवऱ्याच्या हाती देला.

बाल्कनीचं दार पूर्ण उघडं. दारात जहाजाची पांढरी चादर झोळीसारखी बांधलेली, एक टोक काकाजीच्या हाती, एक रूपरावभाऊच्या. रूपरावभाऊच्या गळ्यात टॉवेल, तोंडावर असा आनंद का जसं पोळ्याचा बैल सजवून राह्यले. खाली काकाजीनं लिहिलं होतं, सर्व खोल्यांमध्ये व्यवस्था केली आहे, जेवणात मासे तीन दिवस झाले मिळाले नाहीत.

मी लय लोकाईले लय प्रकारे भेवाडलं हाय. कुत्र्यानं, पोलिसानं, भुतानं, इन्कम टॅक्सनं. पन नालवाडीच्या मानसाले फुकटच्या मासोळीनं भेवाडता येत नसते, हे माह्या ध्यानात आलं नाई. इथी सारे तं धाम नदीच्या पुराच्या पान्यात हात घालून मासोळ्या धरलेल्या लोकाईचे नातू.

चौथा चौकोन हिरवा झाला. आवाज नाई, काही नाई. एवढ्या दूर समुद्रात काहीतरी घरघरलं असन, इथी फक्त कूलरचं पानी टपकत होतं.

विवेकनं इचारलं, "काय सांगतलं तू त्याईले?"

मी सांगतलं. सारं सांगतलं, हातभर अन् थवेच्या थवे सुदिक. तो पाहून राह्यला माह्याकडे. मंग हसाले लागला. असा हसला का खोकला आला, डोळ्यात पानी आलं, लॅपटॉप उशीवरून घसरला. मले वाटलं आता बरं वाटलं याले, म्हनून मीबी हसलो. माधवीवहिनी हसली नाई. ती उठून आत गेली अन् सासूच्या हातातला गोळा काढून तिचे बोटं एकेक सरळ करत बसली. विवेक तसाच हसत हसत आडवा झाला अन् झोपला. संध्याकाळपर्यंत उठलाच नाई. चौथं हिरवंच होतं, त्याच्यासाठी जागाचं काही कारन राह्यलं नव्हतं.

कंपनीले त्यानं खरं खरं लिहून पाठवलं का जहाजात काही दोष नाई, लोकाईनं दारं उघडे टाकले होते. मी म्हनलं होतं, लिहू नको, समुद्रच तापला होता म्हन. तो म्हने, आता खोटं बोलाची ताकद नाई बे. कंपनीनं लय तारीफ केली. म्हने, तुमचं म्हननं शंभर टक्के बरोबर, डिझेल इंजिनात कमी अन् मानसाच्या सवयीत जास्त जाते, हे आमच्या ध्यानात आलं. तं आता अशाच मानसाची जहाजावर गरज हाय, जो फिरून दारं लावून घेईन. आठ महिन्याचं बोलावनं होतं. पावसाळ्यात जहाज सिंगापूरकडे जाते, तिथून पुढे.

मंडळी परत आली तवा मी अन् विवेक दोघंही स्टेशनवर गेलो. साऱ्याईचे तोंडं काळे पडले होते अन् खुशीत होते. गोव्याहून विवेकसाठी सुके बोंबील आनले होते. रूपरावभाऊनं मले बाजूले घेऊन सांगतलं का मासा एकच दिसला, तोबी दुरून पाहून परत गेला. हरिदासकाकाजीनं विवेकच्या पाठीवर हात ठेवला.

"जहाज मस्त हाय तुह्यं," ते म्हने. "एसी तेवढा कमजोर. आम्ही दारंगिरं उघडून निभवलं."

विवेक म्हने, हो काकाजी. मी तोंड उघडलं तं त्यानं माह्या हाताले चिमटा घेतला. घरी येताना म्हने, सांगू नको त्याईले. जलमात एक डाव समुद्र पाह्यला त्याईनं, राहू दे.

तो गेला त्या दिवशी बॅग मीच ओम्नीत टाकली. स्टेशनवर गाडीची वाट पाहत उभे राह्यलो. गाडी दिसाले लागली तवा त्यानं मले दवाखान्याचा टाइम सांगतला. मंगळवार अन् शुक्रवार, दहा वाजता. लिफ्ट बंद असली तं चाकाची खुर्ची मांगजो. मायचा उजवा हात धरून उठवू नको, खांदा दुखते तिचा. मी म्हनलं, ठीक हाय. त्यानं पुन्हा सांगतलं, खांदा दुखते. मी म्हनलं, समजलं बे.

पहिल्या शुक्रवारी मी अनुसयाबाईले ओम्नीत बसवलं. उचलून बसवावं लागते, अन् दिसते त्यापेक्षा ती जड हाय. खिडकीची काच खाली केली तं लू आत आली, वर केली तं भट्टी. मी अर्धी ठेवली. आर्वी नाक्यापाशी ऑटो अडकून राह्यले होते, मी हॉर्न न वाजवता उभा राह्यलो. ती समोर पाहत होती. मंग तिनं मेहनतीनं एकेक शब्द काढला, तिचं बोलनं आता समजाले थोडा वेळ लागते.

"दिवाळीले येईन नं तो?"

आठ महिने म्हनजे संक्रांत. मी म्हनलं, "येईन नं काकू, न याले काय झालं."

तिनं मान वळवून माह्याकडे पाह्यलं. लहानपनापासून पाहते मले ती. तिच्या घरच्या कोंबड्याले मी शाई पाजली होती तवापासून.

"खोटं बोलून राह्यला," ती म्हने.

"हो काकू."

पुढचा ऑटो हालला. मी गिअर टाकला.

"मंग अजून एक डाव बोल," ती म्हने.